उजवी पाकळी

गलबत खजूर घेऊन आलं होतं.
आधी खजूर उतरले, मग उंदीर,
मग एक खलाशी, काखेत लिंबाएवढी गाठ घेऊन.
आमच्या वाळूत बसून तो त्याच्या भाषेत पाणी मागत राहिला.
कळत होतं सगळ्यांना.
दिलं फक्त तुळा गाबतिणीने,
आणि पाचव्या दिवशी तिच्याच होडीच्या शिडात
तिला गुंडाळून नेलं.

मी गुरव.
देवीच्या अंगाला हात लावायचा मान बापाकडून आला,
त्याच्याबरोबर हेही आलं:
की तिच्या उजव्या खांद्याखाली
पिढ्यांचं तेल मुरून पाषाण गुळगुळीत झालाय,
तिथे पाकळी अंमळ जास्त ओली लावली
तर ती पडतेच.
बापाने हे सांगितलं नव्हतं. फक्त माझा अंगठा धरून
एकदा तिथून फिरवला होता.

भातात उंदीर उताणे पडू लागले.
मग माणसं. जांघेत गाठ, डोळ्यांत गाळ,
तीन दिवस.
सोम गावकराने गाऱ्हाणं घातलं,
बा गे आई, तुझी लेकरां, तुझो गाव,
गाव सोडून सड्यार जावचो हुकूम आसा काय?
व्हय म्हाराजा, म्हणाले सगळे,
आणि दुखणेकऱ्यांचं काय हे कोणी विचारलं नाही.
माझी स्वतःची दोन पोरं अजून धडधाकट होती.
पाकळी अंमळ जास्त ओली झाली.

सात जणांना सभामंडपात ठेवलं.
आईच्या पदरात, असं म्हणालो आम्ही.
गुरं, कोंबड्या, कुत्री, उखळ,
सगळं घेऊन सडा चढलो. मागे वळून बघायचं नाही
हाही नियम त्याच दिवशी झाला.

पहिल्या रात्री कातळावरून कोणीतरी बोट केलं.
देवळात दिवा.
बायकांनी पदर पसरले, गावकर रडला,
आई जागी आसा, आई गाव राखता.
मी हात जोडले.
समईत मी तेल अर्ध्या रात्रीपुरतं घातलं होतं.
दुसऱ्या रात्री दिवा. तिसऱ्या रात्रीही.

चौथ्या सकाळी उतरलो तेव्हा
सहा जण ओळीने निजवलेले, तोंडावर केळीची पानं,
प्रत्येकाच्या उशाशी करवंटीत पाणी.
आणि तुळाची सटू, नऊ वर्षांची,
फुटून सुकलेली गाठ दाखवत
गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर. नैवेद्याचे तांदूळ
कच्चेच खाल्ले होते तिने. हात तेलाने माखलेले.

मी हाको मारलंय, ती म्हणाली. देवीक सुद्दा.
मगे दिवो लावलंय. तुमका दिसाचो म्हणान.

कोणी पुढे झालं नाही.
मेलेल्यांतली उठली, कोणी म्हणालं.
मरीच ती, पोरीचं कातडं घालून.
गुरवा, कौल लाय, गावकर म्हणाला.
गावात ठेवची काय?

अंगठा बुडवला. थरथरत नव्हता, खोटं कशाला बोलू.
तीच जागा, तोच गुळगुळीत खळगा,
पाणी ओघळून देवीच्या कमरेपर्यंत आलं
इतकी ओली लावली.

डावी पडली.
उजवी तशीच राहिली. सांज झाली,
वाळली, काळी पडली, तरी चिकटून.
नखाने काढावी लागली मला.

तिला तिच्या आईच्या होडीत बसवलं, वल्ह्याशिवाय,
ओहोटीला.
ती ओरडली नाही. करवंटी तेवढी मागून घेतली.

त्या महिन्यात मरी थांबली.
माझी पोरं जगली, त्यांची लग्नं झाली.
देवीचं नाव सात बंदरांत गेलं,
मला नारळाच्या बागेची जमीन मिळाली.

आता दर तीन वर्षांनी गाव सडा चढतो,
मौजेने, ढोल वाजवत.
सगळ्यांत शेवटी मी निघतो.
समई भरून ठेवतो, तीन रात्रींचं तेल, वात वळून,
शेजारी चकमक.
आणि सड्यावर पोचल्यावर
नियम मोडून बघत बसतो.

परत येतो तेव्हा
तेल काठोकाठ असतं. कधी एखादी मुंगी बुडालेली.